रस्त्याचे काम आणि शाळेची वाट

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परभणी जिल्ह्यातील बहुतेक रस्ते काळ्या मातीवर उभे आहेत. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वाळून आकसते. वैशाखात शेतामध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्त्याखालची मातीही त्याच जातीची. वर खडी-डांबराचा थर कितीही नेटका दिला, तरी खालची जमीन अशी वर्षानुवर्षे हलत राहिली म्हणजे तो उलतो, खचतो आणि पुन्हा उकरावा लागतो. काळी माती काढून तिच्या जागी मुरूम भरणे, मोऱ्या नव्याने घालणे, बाजूपट्ट्या बांधणे ही कामे म्हणूनच या भागात कधी सरत नाहीत. त्यात रुंदीकरणाची भर पडली. माजलगावकडून पाथरी, परभणी, वसमत, नांदेड असा तेलंगणातील निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ असो, की गावाला तालुक्याशी जोडणारा ग्रामीण मार्ग असो, काम चालते ते पाऊस उघडल्यापासून मृगापर्यंत. शाळेच्या वर्षाचा मोठा भागही त्याच महिन्यांत येतो.

अशा कामाच्या जागी जे फलक उभारले जातात त्यांचे वाचन मुलांना शिकवावे, असे म्हटले की बहुतेक शाळांत चिन्हांचा एक तक्ता भिंतीवर लागतो व मुले त्यातील नावे पाठ करतात. हे वाईट नाही. परंतु एवढ्याने भागत नाही. कारण ते फलक मुलांसाठी उभारलेलेच नसतात. वाहन चालविणाऱ्याला लिहिलेले ते पत्र असते आणि रस्त्याच्या दोन टोकांकडून जे येतात त्यांनाच ते मिळते. शेतवस्तीवरून, वाडीवरून किंवा तांड्यावरून पाणंदीने येणारे मूल कामाच्या अगदी मध्यावर रस्त्याला लागते. त्याच्या वाटेवर एकही फलक उभा नसतो. शिवाय पायी चालणाऱ्याने समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, असे शाळेतच शिकविले जाते, आणि ते योग्यच आहे; मात्र त्या कडेचे फलक समोरून येणाऱ्यांसाठी असल्यामुळे चालणाऱ्या मुलाला त्यांची पाठ दिसते. त्या पत्रात काय लिहिले आहे, आणि काय लिहिलेले नाही, हे दोन्ही मुलाला उलगडून सांगेल असा मनुष्य गावात बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे शिक्षक.

आधी लिहिलेले काय, ते पाहावे. चिन्हांची ही भाषा फार जुनी नाही. १९०९ साली पॅरिस येथे काही राष्ट्रांनी मोटारींच्या वाहतुकीविषयी करार केला तेव्हा तिच्यात चारच चित्रे होती: खडबडीत रस्ता, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचे फाटक. पुढे ती वाढत गेली, आणि १९६८ साली व्हिएन्ना येथील करारात पुष्कळ देशांनी ती एकसारखी करून घेतली. भारतातील रस्त्यांच्या शास्त्राची घडी बसविण्यात एका मराठी गृहस्थांचा वाटा मोठा आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविषयक समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींमधून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू ते हेच जयकर. या संस्थेने कामाच्या जागेवरील वाहतुकीसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका २००१ साली काढली व २०१४ साली ती सुधारली. फलक कोठे व कोणता लावावा याविषयी एखादा ठेकेदार आपल्या मनाचे काही करीत असेल, तर नियम नसल्यामुळे तो तसे करतो असे म्हणता येणार नाही.

मुलांना प्रथम चित्र शिकवू नये, आकार शिकवावा. लांबून, धुळीतून आणि संधिप्रकाशात चित्र कळत नाही, आकार कळतो. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो. लाल कडेचे वर्तुळ मनाई करते किंवा मर्यादा घालते; निळे वर्तुळ अमुक बाजूनेच जा असे बजावते; आयत माहिती देतो. त्रिकोणातला सल्ला आहे आणि वर्तुळातली आज्ञा आहे, एवढा भेद तिसरीच्या मुलालाही समजतो. अपवाद दोन आहेत आणि दोन्ही मुद्दाम केलेले आहेत. ‘थांबा’ सांगणारा फलक अष्टकोनी असतो आणि ‘आधी दुसऱ्याला वाट द्या’ हे सांगणारा त्रिकोण उलटा, टोक खाली करून उभा असतो. चिखल उडून अक्षरे झाकली, तरी हे दोन आकार दुसऱ्या कशासारखे दिसत नाहीत.

कामाच्या जागेचे प्रमुख चित्र म्हणजे फावडे घेऊन ढिगाशी वाकलेला मनुष्य. खेड्यातील मुलाला तो खळ्यावर रास करणारा शेतकरी वाटला तर नवल नाही, आणि तसे वाटले म्हणून त्याला हसू नये. रास नव्हे, मातीचा ढीग. खळे नव्हे, रस्ता. एवढे सांगितले की चित्र त्याच्या मनात कायमचे बसते.

फलक सुटे सुटे वाचावयाचे नसतात. वाक्यात शब्दांना क्रम असतो तसा त्यांनाही आहे. पुष्कळ अलीकडे, काम अजून दिसतही नसते तेथे, पहिला त्रिकोण सांगतो की पुढे माणसे काम करीत आहेत. त्यानंतरचा त्रिकोण रस्ता अरुंद होत असल्याचे कळवितो. मग वर्तुळात आकडा येतो: याहून अधिक वेग नको. त्यापुढे नारिंगी शंकू किंवा पिंपे तिरक्या रांगेत ठेवून वाहनाला हळूहळू एका बाजूला सारले जाते आणि निळ्या वर्तुळातील बाण ती बाजू दाखवितो. मग लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा आडोसा आणि त्यामागे प्रत्यक्ष काम. काम ओलांडल्यावर वाहनाला पुन्हा मूळ वाटेवर आणणारी दुसरी तिरकी रांग, आणि शेवटी मर्यादा संपल्याची खूण. यांतील एक शब्द गाळला तर वाक्य बिघडते. क्रिकेटच्या खेळासाठी यष्टी म्हणून त्यातला एक शंकू उचलून नेणाऱ्या मुलांना हे समजावून सांगणे अगत्याचे आहे. रांगेतला शंकू उचलला की रात्री येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती जागा मोकळी वाट म्हणून दिसते.

पहिला फलक इतका अलीकडे का, हा प्रश्न हुशार मूल विचारतेच. त्याचे उत्तर गणिताच्या तासाला द्यावे. रस्त्याचा आराखडा करताना अभियंते असे धरतात की ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन थांबावयास ४५ मीटर लागतात, ६० च्या वेगाला ८० मीटर, आणि ८० च्या वेगाला १२० मीटर. वेग ४० वरून ८० झाला म्हणजे दुप्पट झाला. अंतर मात्र पावणेतीनपटीच्या जवळ गेले. यातही एक बारकावा आहे. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद जातात, असे या हिशेबात गृहीत आहे. ताशी ६० च्या वेगाने वाहन एका सेकंदात साधारण १७ मीटर धावते; म्हणजे ८० मीटरांपैकी निम्म्याहून अधिक अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपलेले असते. रस्त्यावर सुटी खडी पसरलेली असेल तर चाक घसरते आणि अंतर आणखी वाढते. शाळेच्या मैदानात १२० मीटर बहुधा मावणार नाहीत. गावठाणातील मोकळ्या जागेत टेपाने मोजून ४५, ८० आणि १२० वर तीन मुले उभी करावीत. चालकाने आपल्याला पाहिले म्हणजे तो थांबेलच, हा मुलांचा समज त्या तीन मुलांकडे नुसते पाहून ढळतो. तोंडी उपदेशाने तो ढळत नाही.

गावाकडच्या कामांवर चित्रांपेक्षा अक्षरांचा भरवसा अधिक. ‘काम चालू, रस्ता बंद’ हा फलक कोणाच्या परिचयाचा नाही? त्यात कोणता रस्ता बंद, कोठपर्यंत बंद आणि जावे कोठून, यांपैकी काही नसते. ‘वाहने सावकाश हाका’ हा त्याहून जुना. बैलगाडीच्या काळातील क्रियापद मोटारीच्या रस्त्यावर टिकून राहिले, याचे भाषेच्या दृष्टीने कौतुकच वाटते. पण महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकचा चालक तेलुगू बोलणारा, पंजाबी बोलणारा, कोणीही असू शकतो. अक्षरे त्याच्यासाठी मुकी आहेत, चित्र नाही. आणि जेथे चित्रही नाही, अक्षरही नाही, तेथे गाव आपली जुनी खूण करते: खड्ड्यात बाभळीची फांदी रोवते, चुना लावलेले दगड मांडते. ही खूण मुले उत्तम वाचतात. तिला कमी लेखू नये. फक्त एवढे सांगावे की फांदी वाळून पाने गळाली की ती दिसेनाशी होते, खड्डा मात्र तसाच राहतो.

लाल आणि हिरवे निशाण घेऊन उभा असलेला मनुष्य हा कामावरचा बोलता फलक होय. रस्त्याची एकच बाजू खुली असते तेव्हा तो एका टोकाची वाहने थांबवून दुसऱ्या टोकाची सोडतो. दोन्ही टोके एकमेकांना दिसत नसतील तर सोडलेल्या शेवटच्या वाहनाच्या हाती काठी देऊन ती पलीकडच्या निशाणवाल्याकडे पोचविण्याची युक्ती काही ठिकाणी करतात. काठी पोचल्याशिवाय तिकडचे वाहन सुटत नाही. एकेरी लोहमार्गावर चालकाला टोकन देण्याची जी पद्धत होती, तिचेच हे साधे रूप. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि तो पटांगणात सहज खेळता येतो: फक्कीने आखलेली अरुंद वाट, दोन्ही टोकांना मुलांच्या रांगा, दोन निशाणवाले आणि एक काठी.

या खेळातच एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्यावयास हवी, कारण प्रत्यक्षात घात होतो तो तेथेच. मूल रस्ता ओलांडावयास उभे आहे. डावीकडे वाहनांची रांग लाल निशाणापुढे थांबलेली दिसते. मूल समजते, रस्ता थांबला. वस्तुतः ती रांग थांबविली आहे ती दुसरीकडची रांग येत आहे म्हणूनच. वाहनचालकाला दाखविलेले लाल निशाण म्हणजे मुलाला दाखविलेले हिरवे निशाण नव्हे. आणि हिरवे निशाण होताच रांग एकदम सुटते, मोटारसायकली फटीतून पुढे येतात. खेळात एका मुलाला पादचारी करून मध्यावरून ओलांडावयास सांगितले, की हे सर्वांना आपोआप दिसते. खऱ्या रस्त्यावर पादचाऱ्याने निशाणवाल्याजवळ जावे, त्याच्या नजरेत यावे आणि त्याने हाताने खूण केल्यावरच ओलांडावे. मागे येणाऱ्या टिप्परच्या किंवा रोलरच्या पाठीमागून कधीच जाऊ नये. त्याच्या चालकाला तेथे उभे असलेले लहान मूल दिसत नाही.

रात्रीचा विचार वेगळा करावा लागतो. फलकांवर आणि शंकूंवर जी चकाकणारी पट्टी असते तिला सर्वत्र ‘रेडियम’ म्हणतात. तिच्यात रेडियमचा अंशही नसतो आणि ती स्वतः प्रकाश देत नाही. काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा लोलक तिच्यात बसविलेले असतात आणि ज्या दिशेने उजेड येतो त्याच दिशेने ते तो परत पाठवितात. मांजराचे वा बैलाचे डोळे विजेरीच्या झोतात चमकतात, तसाच काहीसा हा प्रकार. वर्गाच्या खिडक्या झाकून प्रयोग करावा. एका मुलाने विजेरी आपल्या डोळ्यांजवळ धरून पट्टीवर झोत टाकावा. त्याला पट्टी लखलखीत दिसते. बाजूला चार हातांवर उभ्या असलेल्या मुलाला तीच पट्टी मंद दिसते. यातून निघणारा निष्कर्ष गंभीर आहे. मोटारीच्या दिव्यांमागे बसलेल्या चालकाला जो फलक ठळक दिसतो, तो दिव्याविना चालणाऱ्या मुलाला किंवा दिवा नसलेल्या सायकलवरच्या मुलीला जवळजवळ अदृश्य असतो. त्यांच्यासाठी खड्ड्यावर जळता दिवाच हवा. पूर्वी लाल काचेचे कंदील टांगीत, ते याच कारणाने. उसाच्या हंगामात पाथरी-सोनपेठकडच्या रस्त्यांवर पहाटे बैलगाड्या आणि ट्रॉल्या चालतात. त्यांच्या मागे पट्टी असली तर मोटारीला त्या दिसतात, पण पुढचा खणलेला चर गाडीवानाला दिसत नाही. हंगाम आणि रस्त्याचे काम एकाच महिन्यांत येतात, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

आता पत्रात जे लिहिलेले नसते त्याविषयी. मोरी किंवा पूल बांधावयास घेतला की वाहतूक बाजूच्या कच्च्या वाटेने वळविली जाते. बाण चालकाला सांगतो, इकडून जा. पण ती वाट कालपर्यंत कोणाची होती? बहुधा ती शाळेत जाणाऱ्या मुलांची, पाणी आणणाऱ्या बायांची, गुराख्यांची होती. एका रात्रीत ती मोठा रस्ता झाली, आणि हे त्यांना कळविणारा फलक कोणत्याही तक्त्यात नाही. मुले सवयीने तिच्या मधोमध, हसत-खिदळत चालतात. समोरून येणाऱ्या एस.टी.चा चालक धुळीत पुढच्या गाडीचे चाक शोधीत असतो. वळणरस्ता सुरू झाला त्याच दिवशी परिपाठाच्या वेळी तो मुलांना सांगितला पाहिजे आणि मुलांची वाट बदलणे शक्य असेल तर बदलली पाहिजे. अवकाळी पाऊस झाला तर नाल्यातून काढलेली अशी वाट वाहून जाते. शिवाय पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी साचले की काठोकाठ भरलेला खड्डा आणि वीतभर डबके यांत वरून काही फरक दिसत नाही. पोहता येणारा मुलगाही तेथे फसतो, कारण काळ्या मातीचा ओला काठ हाताला धरू देत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ११९ व्या कलमाप्रमाणे आज्ञा देणाऱ्या चिन्हांचे पालन चालकावर बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने १९८ अ हे कलम आले: रस्त्याच्या रचनेची, बांधणीची व देखभालीची सुरक्षाविषयक मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही रक्कम एका मुलाच्या मानाने किती, याचा विचार ज्याचा त्याने करावा. शाळेला अधिक उपयोगी पडते ते काम कोणाचे हे ठाऊक असणे. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हापासून गावची शाळा आणि गावचा रस्ता यांचे घर एकच आहे. मुख्याध्यापकाचे पत्र परक्या दारी जात नाही. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेसारख्या योजनेतील काम असेल, तर कामावर लावलेल्या माहितीफलकावर योजनेचे व ठेकेदाराचे नाव असते. पाचवीची मुले तो फलक वहीत उतरवून आणू शकतात. मोठ्यांबरोबर जाऊन आणावा, एवढेच.

पत्र मोघम नसावे. ‘मुलांच्या जिवाला धोका आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ अशा पत्रावर योग्य ती कार्यवाही म्हणजे ते फाइलला लागणे. रस्त्याचे नाव, जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा, पाणंद नेमकी कोठे मिळते, तेथून किती मुले किती वाजता येतात आणि किती वाजता परततात, एवढे लिहावे. मागणे तीनच असावे: त्या दोन वेळांना पाणंदीच्या तोंडाशी निशाणवाला, उघड्या खड्ड्याभोवती पक्का आडोसा, आणि अंधार पडल्यावर दिवा. एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. कामावरच्या मुकादमाला मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन भेटावे. पुष्कळदा कागद पोचण्यापूर्वी माणूस उभा राहतो.

परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर गावाचा नकाशा काढून चालू कामाची पट्टी गेरूने रंगवावी आणि प्रत्येक मुलाने आपली वाट त्यावर खडूने दाखवावी. ज्यांच्या रेघा त्या पट्टीला मध्यावर भेटतात त्यांची नावे बाजूला लिहून ठेवावीत. तक्त्यावरील चिन्हे सर्वांना शिकवावयाची. परंतु या मुलांना त्या जागी नेऊन, फलकाच्या दोन्ही बाजूंनी उभे करून, चालकाला काय दिसते व आपल्याला काय दिसत नाही हे दाखवावयाचे.

काम संपल्यावरही पाहणी एकदा करावी. पुष्कळ ठिकाणी काम उरकते आणि ‘पुढे काम चालू आहे’ हा त्रिकोण महिनोन्‌महिने तेथेच उभा राहतो. पहिल्या आठवड्यात चालक वेग कमी करतो, दुसऱ्यात करीत नाही. आणि पुढे खरोखर काम निघते तेव्हा त्याच फलकाकडे कोणी पाहत नाही. खोटा ठरलेला फलक नसलेल्या फलकाहून वाईट. तो काढावा असे कळविणे हेही शाळेचे पत्रच. नकाशातील गेरूची पट्टी मात्र त्याच दिवशी पुसू नये. काळ्या मातीत भरलेला चर वरून सपाट दिसला, तरी पहिल्या मोठ्या पावसाने खाली बसतो, आणि जूनमध्ये नवी मुले शाळेत येतात ती त्याच कडेने.